डॉल्फिन पळून गेले नाहीत, म्हणजे त्यांना चाललं असं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हवाईतल्या बिग आयलंडच्या पश्चिम किनाऱ्याने, म्हणजे कोना किनाऱ्याने, आम्ही मित्रांच्या शिडाच्या नौकेतून जात होतो. एका संध्याकाळी खुल्या समुद्रात ठिपकेवाल्या डॉल्फिनचा कळप दुरून आमच्याकडे आला आणि बराच वेळ नौकेच्या पुढच्या टोकाशी पोहत राहिला. पुढे एका सकाळी केआलाकेकुआ उपसागराच्या तोंडाशी स्पिनर डॉल्फिनचा, म्हणजे गिरक्या घेत उड्या मारणाऱ्या डॉल्फिनचा, कळप दिसला, तेव्हा मात्र आम्ही नौका वळवली आणि मुलांना पाण्यात उतरू दिलं नाही. यावर तुमचं म्हणणं असं: संध्याकाळी तुम्ही स्वतः मनसोक्त आनंद घेतलात आणि सकाळी मुलांचा हिरावून घेतलात, ही दुटप्पी वागणूक झाली. डॉल्फिन माणसाळलेला जीव आहे, नको असेल तर तो निघून जाईल, तो तिथेच थांबला म्हणजे त्याला माणसं चालतात. आणि शेवटी, असले परदेशी नियम आपल्याकडे आणले तर दापोली-मालवणच्या बोटवाल्यांनी खायचं काय?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मधला आहे. ‘नको असेल तर निघून जाईल.’ हे इतकं सरळ वाटतं की बहुतेक जण ते तपासून पाहत नाहीत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

स्पिनर डॉल्फिन रात्री जेवतात. हवाई बेटं म्हणजे समुद्रतळावरून थेट वर आलेले ज्वालामुखी. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच पाणी हजार मीटरच्या पुढे खोल जातं. त्या खोल पाण्यात छोटे मासे, माकुल आणि कोळंबी यांचा एक मोठा थर दिवसभर अंधारात राहतो आणि सूर्य मावळला की वर चढू लागतो. हे डॉल्फिन त्याच वेळी किनारा सोडतात आणि रात्रभर त्या थरात शिकार करतात. अंधारात त्यांना प्रत्यक्ष पाहणं अशक्य, पण संशोधकांनी सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या गोष्टी टिपणारं यंत्र, लावून त्यांचा माग काढला. तेव्हा दिसलं की ते जोड्याजोड्यांनी एका रांगेत पुढे सरकतात, मासळी दाट गोळा करत नेतात, मग तिच्याभोवती कडं करतात आणि आळीपाळीने आत शिरून खातात. एकेक घास बोटभर लांबीचा असतो. एवढ्याशा घासांवर पोट भरायचं तर रात्रीचा फारसा वेळ वाया घालवून चालत नाही.

पहाटे ते परत येतात ते विश्रांतीसाठी. तेही कुठेही नाही. ठरावीक उथळ उपसागर, खाली पांढरी वाळू, आडोसा. वाळूवर शार्कची सावली लगेच दिसते, म्हणून ही जागा. विश्रांतीच्या काळात कळप एकमेकांना चिकटून, अगदी संथ, एका लयीत खाली-वर होत फिरत राहतो. खुल्या समुद्रात सतत चालू असलेले त्यांचे आवाज आता जवळपास थांबतात. ध्वनीने वेध घेणं कमी होतं आणि राखण मुख्यतः डोळ्यांवर येते. माणसासारखं डोळे मिटून पडून राहणं त्यांना शक्यच नाही, कारण श्वास घ्यायला वर यावं लागतं. त्यामुळे बघणाऱ्याला ते ‘छान फिरताहेत’ असं वाटतं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला खाटेवर आडवा झाला असेल, तर त्याच्या दारावर आपण थाप मारत नाही. इथे खाट दिसत नाही एवढाच फरक आहे.

तुम्ही लिहिलंत की ते उड्या मारत होते, म्हणजे जागे आणि आनंदात होते. याच केआलाकेकुआत डॉल्फिनचे अभ्यासक केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंच कड्यावर थिओडोलाइट, म्हणजे सर्वेक्षणातली कोन मोजायची दुर्बीण, लावून या कळपांचा दिनक्रम नोंदवला होता. गिरक्या घेत मारलेल्या उड्या विश्रांतीत शिरताना आणि विश्रांतीतून बाहेर येताना जास्त दिसतात, मधल्या काळात जवळपास थांबतात. दुपार कलली की कळप उपसागरात नागमोडी पोहू लागतो. जोरात बाहेरच्या दिशेने जातो, पुन्हा मंदावतो, आत वळतो, पुन्हा बाहेर. सगळे निघायला तयार होईपर्यंत हे चालतं, मग पूर्ण कळप एकदम खोल पाण्याकडे निघतो. मला या प्राण्याबद्दल जे काही ठाऊक आहे त्यात हे सगळ्यात विलक्षण वाटतं. रात्रीची शिकार एकट्याने होत नाही, म्हणून एकालाही मागे न ठेवता निघायचं, आणि त्यासाठी रोज इतका वेळ द्यायचा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नको असेल तर ते जातील कुठे? कोना किनाऱ्यावर या कळपांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, हे डॉल्फिन विश्रांतीच्या उपसागरांबाहेर क्वचितच विश्रांती घेतात. म्हणजे तिथून हुसकले गेले तर दुसरीकडे जाऊन झोप भरून काढतील अशी शक्यता फार कमी. दोन, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दिवसाचा ८० टक्क्यांहून अधिक वेळ शंभर मीटरच्या आत माणसांची काही ना काही हालचाल होती, आणि दोन व्यत्ययांमधला मोकळा वेळ बहुधा दहा मिनिटांच्या आसपासच मिळत होता. त्यांची गाढ विश्रांती साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात असते. पर्यटक न्याहारी करून पाण्यात उतरतात तीही हीच वेळ.

म्हणून ते थांबतात. दुसरी जागा नसते, म्हणून थांबतात. आपण त्या थांबण्याला संमती म्हणतो.

याचा पुढचा टप्पा काय असतो हे ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये दिसलं. तिथले डॉल्फिन वेगळ्या जातीचे, बॉटलनोज, आणि संशोधकांच्या इतक्या परिचयाचे की एकेकाची ओळख पाठीवरच्या पंखाच्या खुणांवरून पटते. पर्यटकांना नेणारी एकच नौका होती तोवर फरक जाणवला नाही. एकीच्या दोन झाल्यावर त्या भागातली डॉल्फिनची घनता सुमारे १५ टक्क्यांनी घटली. मागे राहिलेले डॉल्फिन बोटींना फारसे बिचकत नव्हते, आणि फक्त त्यांच्याकडे पाहणारा ‘सवय झाली’ असंच म्हणाला असता. ज्यांना सहन होत नव्हतं ते निघून गेले होते, ही गोष्ट जुन्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच कळली. तिथल्या सरकारने नंतर दोनपैकी एक परवाना कमी केला.

आता दुटप्पीपणाबद्दल. त्या संध्याकाळी डॉल्फिन आमच्याकडे आले आणि मी डेकवर पालथी पडून त्यांना पाहत राहिले, हे खरंच आहे, आणि तो आनंद मी लपवणार नाही. पाण्यातून वर येणारा त्यांचा श्वास ऐकू येत होता. शिडावर चाललेल्या नौकेत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे त्यांच्या शिट्ट्याही लाकडातून कानापर्यंत पोहोचत होत्या. एक पिल्लू आईच्या कुशीला इतकं चिकटून होतं की दोघांच्या शेपट्या एकाच तालात हलत होत्या. पण तिथे नेमकं काय घडलं तेही पाहा. कळप दूर होता, त्याने दिशा बदलली आणि तो आमच्याकडे आला. आम्ही सुकाणू हलवलं नाही, वेग बदलला नाही. नौकेच्या पुढच्या टोकासमोर पाण्याचा जो दाब तयार होतो, त्यावर स्वार झालं की डॉल्फिनला फार कमी श्रमात वेगाने जाता येतं. ते त्यासाठी आले आणि नको झालं तेव्हा निघून गेले. आम्ही मागे वळलो नाही. खुल्या समुद्रात त्यांना चारही दिशा मोकळ्या होत्या. उपसागरात विश्रांतीला आलेल्या कळपाला त्या नसतात.

हवाईचा नियम याच फरकावर उभा आहे. २८ ऑक्टोबर २०२१ पासून मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत, आणि लानाई, माउई व काहोओलावे या बेटांमधल्या ठरवून दिलेल्या पाण्यात, स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत पोहत, बोटीने किंवा ड्रोनने जाण्यास आणि तिथे थांबून राहण्यास मनाई आहे. त्यातच अपवादही लिहिलेला आहे. चालत्या नौकेजवळ डॉल्फिन स्वतःहून आला, नौका आपल्या नेहमीच्या मार्गाने जात राहिली आणि तिने त्याचा पाठलाग केला नाही, तर तो गुन्हा नाही. हा नियम कोणी खोलीत बसून लिहिलेला नाही. २०१६ मध्ये मसुदा आला, लोकांच्या हरकती ऐकल्या गेल्या, आणि त्यात डॉल्फिनसोबत पोहण्याच्या सहलींवर ज्यांचं घर चालत होतं त्यांचाही आवाज होता. मुलांबद्दल म्हणाल तर ती हिरमुसली, थोडा वेळ रुसलीही. मग दुर्बिणीसाठी त्यांची भांडणं सुरू झाली.

तिथल्या नियमांना तुम्ही ‘परदेशी’ म्हणता. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा आणि आपला वन्यजीव संरक्षण अधिनियमही १९७२ चा. डॉल्फिन आपल्याकडे पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. २०१३ मध्ये आपल्या देशाने डॉल्फिन बंदिस्त ठेवून खेळ करायला लावणाऱ्या तलावांना परवानगी नाकारली, तेव्हा जगभरात त्याचं कौतुक झालं. या बाबतीत आपण कोणाकडून उसनं घेतलेलं नाही.

बोटवाल्यांचा मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करते, आणि तुम्ही तो काढलात हे बरं झालं. कोकणात किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले. ते स्पिनरसारखे रात्री खोल पाण्यात जात नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी जातं, जिथे आपली जाळी, बंदरं आणि सांडपाणीही असतं. ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. त्यामुळे हवाईचं घड्याळ इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, आणि बोटी बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझं म्हणणं पाठलागाबद्दल आहे. एक पाठ वर आली की चार दिशांनी चार बोटी इंजिन ताणून तिकडे धावतात. यात तांडेलापेक्षा पर्यटकाचा दोष मोठा आहे असं मला वाटतं, कारण ‘जवळ घ्या, फोटो येत नाही’ हे वाक्य बोटीत मागून येतं. वेग आधीच कमी करून, बाजूने, त्यांच्या दिशेला समांतर जावं. समोरून आडवं जाऊ नये, मागून ढकलू नये. आई आणि पिल्लाच्या मध्ये कधीच शिरू नये. एक बोट जवळ असेल तर दुसरीने लांब थांबावं. यातल्या कशानेही भाडं कमी होत नाही. अनुभवी तांडेलांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांना तसं वागायची मोकळीक गिऱ्हाइकाने द्यायला हवी.

आणि बोटीशिवायही पाहता येतं. ब्राझीलच्या फर्नांदो दि नोरोन्या बेटावर स्पिनर डॉल्फिनचा एक प्रसिद्ध उपसागर आहे. तिथे बोटींना आणि पोहणाऱ्यांना मज्जाव आहे. लोक पहाटे कड्यावर जाऊन बसतात आणि कळप आत येताना वरून बघतात. त्यासाठी लोक विमानाने त्या बेटावर जातात, राहतात, खर्च करतात, तेव्हा बेटाचं पोटही त्यावर चालतंच. आपल्या किनाऱ्यावर तर कडे आणि किल्ले यांची वाण नाही, आणि आपले डॉल्फिन किनाऱ्याच्या इतक्या जवळ असतात की साध्या दुर्बिणीत दिसतात.

तुम्ही लिहिलंत की तुमचे मामा हर्णैला वर्षानुवर्षं पर्यटकांना घेऊन बोट काढतात. मला त्यांच्याशी बोलायचं आहे. पिल्लं कोणत्या महिन्यांत जास्त दिसतात, भरतीला डॉल्फिन कुठे असतात आणि ओहोटीला कुठे, आधी दिसायचे पण आता दिसत नाहीत अशा जागा आहेत का, हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांची हरकत नसेल तर मला मेल करा. पावसाळा संपून बोटी पाण्यात उतरल्या की मी हर्णैला येईन.