भाव एकच असेल तर गिऱ्हाईक कुठे जातं?

दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपांनी कोपऱ्यावरचं दुकान संपवलं का, यावरून पुण्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाद सुरू आहे. मावसभावाचं कोथरूडला किराणा दुकान आहे. तो म्हणतो, ज्या घरांना वर्षानुवर्षं वहीवर उधार दिलं, ती आता ओळखही दाखवत नाहीत. भाची म्हणते, "मामा, तोच साबण ॲपवर स्वस्त मिळतो, मग मी जास्त पैसे का मोजू?" दोघांचंही खरं आहे. पण दोघंही सगळा प्रश्न गिऱ्हाइकाच्या निष्ठेवर आणून ठेवतात, ते मला पटत नाही.

मी हॅम्बुर्गला राहतो आणि अधूनमधून सिगार ओढतो. जर्मनीत सिगारच्या पेटीवर कर भरल्याची पट्टी असते आणि किरकोळ किंमत त्या पट्टीवरच छापलेली असते. देशभरासाठी या पट्ट्या ब्युंडे या वेस्टफालियातल्या गावाच्या सीमाशुल्क कार्यालयातून दिल्या जातात. हे गाव पूर्वापार सिगारच्या कारखान्यांचं. किंमत उत्पादक किंवा आयातदार ठरवतो. त्याहून कमी भावात विकायला तंबाखू कर कायद्याची मनाई आहे. अख्खी पेटी घेतली तर तीन टक्के सूट मिळते, बाकी काही नाही. सोबत लायटर फुकट देऊन गिऱ्हाईक ओढायचीही सोय नाही.

त्यामुळे माझ्या गल्लीतल्या दुकानात जी सिगार ज्या भावाला, तीच ऑनलाइनही त्याच भावाला. मग मी दुकानात का जातो? सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते, नाहीतर वाळून कडवट होते. दुकानातल्या देवदारी फळ्यांच्या खोलीत ती महिनोन् महिने नीट राहिलेली असते. तिथे एकच सिगार घेता येते, पेटी घ्यावी लागत नाही. काउंटरमागचे वयस्क गृहस्थ आधी विचारतात, गेल्या वेळची कशी लागली, जेवणानंतर ओढणार की आधी. एकदा मी महागडी मागितली तर त्यांनी निकाराग्वाची निम्म्या किमतीची हातात ठेवली. म्हणाले, तुम्हाला हीच आवडेल. आवडली. ही माणसाची जाण मला फोनच्या पडद्यावर मिळालेली नाही.

ऑनलाइनचाही फायदा आहेच. ज्या खेड्यात असं दुकान नाही, तिथल्या माणसाला तोच मार्ग. शिवाय इथल्या अनेक ऑनलाइन विक्रेत्यांची स्वतःची जुनी दुकानंही आहेत. कायद्याने काढून घेतलं आहे ते फक्त एक हत्यार: आज तोटा सोसून भाव पाडायचा आणि उद्या शेजारचं दुकान बंद पाडायचं.

आपल्याकडे १९९० पासून पाकिटावर एमआरपी छापतात, पण ते फक्त छत आहे. त्याहून जास्त घेता येत नाही, पण त्याखाली भाव कितीही पाडता येतो. ज्याच्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे, तो तोटा सोसू शकतो. मावसभाऊ नाही सोसू शकत. यात भाचीच्या निष्ठेचा संबंध येतोच कुठे?

म्हणून सगळ्याच मालाला खालची मर्यादा घालावी, असं मी म्हणणार नाही. डाळ-तांदळावरची सूट गरिबाच्या ताटात जाते, तिला हात लावू नये. पण पुस्तकांचा विचार जरूर व्हावा. जर्मनीत नव्या पुस्तकाचा भावही एकच असतो. प्रकाशक आणि विक्रेत्यांनी तो १८८८ पासून आपसांतल्या कराराने पाळला आणि २००२ मध्ये त्याचा कायदा झाला. लहान गावातही पुस्तकांचं दुकान दिसतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे, असं माझं मत आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्यांनी आणि मराठी प्रकाशकांनी ही मागणी एकत्र येऊन करावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि तंबाखूच्या ऑनलाइन विक्रीचा विचार तर व्हायलाच हवा. पुण्या-मुंबईत आता सिगारेटही ॲपवरून घरी येते. जर्मनीत २०१६ पासून ऑनलाइन तंबाखूलाही अठरा वर्षांची अट लागू आहे आणि माझ्याकडे पार्सल देणारा दारात ओळखपत्र बघतो. आपल्या २००३ च्या कायद्यानेही अठरांखालच्यांना विकायला बंदी आहे आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. टपरीवाल्याला या नियमावरून हटवतात, आणि हटवावंच. मग ॲपचं गोदाम दोन किलोमीटरवर आणि पाकीट मात्र होस्टेलच्या फाटकावर, तर ते शंभर यार्ड मोजायचे कुठून? ग्रुपवर कोणी हे विचारलेलं नाही. मी विचारलं आहे, आणि भाचीने लिहिलंय की तिच्या होस्टेलवर डिलिव्हरीवाला कोणाचंच वय विचारत नाही.