योग्य वय येईपर्यंत कृपया थांबावे

विज्ञान किंवा तंत्रज्ञान शिकायला सुरुवात करावी, असा विचार आपल्या मनात आलाच असेल, तर सर्वप्रथम स्वतःचे वय तपासून पाहावे, कारण ते बहुधा चुकीचे असणार. दहाव्या वर्षी घड्याळ उघडून बसणाऱ्याने आधी शाळेचा अभ्यास संपवावा, विशीतल्याने मिळालेल्या शाखेशी एकनिष्ठ राहावे, चाळिशीतल्याने जबाबदाऱ्यांचे भान ठेवावे आणि साठी ओलांडलेल्याने विरंगुळ्यासाठी दुसरे काहीतरी शोधावे. या सगळ्यांच्या मधल्या कुठल्याशा एका दुपारी योग्य वय येऊन जाते म्हणतात. त्या दुपारी आपण झोपला होतात, याला कोण काय करणार?

काही हट्टी मंडळींनी हा नियम मोडला आहे; त्यांचे अनुकरण कटाक्षाने टाळावे. जॉन गुडइनफ दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. तरी या वयापर्यंत थोर भौतिकशास्त्रज्ञ आपले काम उरकून मोकळे झालेले असतात, असे त्यांना प्रवेश घेतानाच सुनावण्यात आले. हा सल्ला त्यांनी मनावर घेतला नाही. परिणामी १९८० साली त्यांच्या गटाने लिथियम बॅटरीसाठी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र शोधला आणि २०१९ साली, ९७व्या वर्षी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्वीकारावे लागले. स्कॉटलंडच्या विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांच्या घरच्यांनी तर फारच दूरदृष्टी दाखवली होती. मुलगी रात्री जागून गणित वाचते, म्हणून त्यांनी तिच्या मेणबत्त्या काढून घेतल्या. पण युक्लिडची प्रमेये पाठ असल्यामुळे ती अंधारात मनातल्या मनात सोडवत राहिली आणि पुढे १८६९ साली, ८८व्या वर्षीसुद्धा, विज्ञानावरचे नवे पुस्तक प्रसिद्ध करती झाली. जपानच्या मासाको वाकामिया यांनी साठीच्या सुमारास संगणकाला हात लावला आणि ज्येष्ठांना खेळता येईल असा खेळ फोनवर सापडेना, म्हणून ८१व्या वर्षी स्वतःच तो लिहिला. अशी उदाहरणे घरात सांगू नयेत.

सर्वांत चांगली संगणकभाषा कोणती, याचा निकाल लागेपर्यंत कोणतीही शिकू नये.

विकत घेऊन ठेवलेल्या अभ्यासक्रमांची संख्या हीच आपली प्रगती समजावी.

मात्र या सर्वांहून महत्त्वाचे पथ्य असे, की वर्गात गेलाच तर प्रश्न विचारू नये. ‘नवशिक्यांसाठी, पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही, वयाची अट नाही’ अशी जाहिरात वाचून मी नुकतीच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात जाऊन बसले. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर लाल एलईडी पेटवायचा होता आणि फळ्यावरच्या आकृतीत त्याच्या जोडीला रेझिस्टर नावाचा एक छोटा भाग काढलेला होता. तो कशासाठी लागतो आणि २२० ओहमचाच का, एवढेच मी विचारले. शिक्षकांनी पुढच्या बाकावरच्या तरुण मुलांकडे पाहून स्मित केले. हे फारच प्राथमिक आहे, शाळेतच झालेले असते, असे सांगून ते मला म्हणाले, “या वयात तुम्हाला एवढ्या खोलात कशाला जायचंय? दिवा लागला म्हणजे झालं.” मुले हसली. यावरून वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पूर्वज्ञानाची आवश्यकता आणि वयाची अट या दोन्ही गोष्टी शुल्क भरून होईपर्यंतच नसतात. त्यानंतर समजल्यासारखी मान डोलवावी, शेजाऱ्याची जोडणी पाहून तारा खोचाव्यात, आणि दिवा लागला की आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स येते असे समजून घरी जावे.

मला जे सांगितले गेले नाही, ते असे आहे. एलईडी स्वतःहून प्रवाहाला आवर घालत नाही. त्याच्यावरचा व्होल्टेज थोडासा वाढला, तरी त्यातून वाहणारा प्रवाह झपाट्याने वाढतो आणि एलईडी जळतो. लाल एलईडी पेटलेला असताना त्याच्यावर सुमारे दोन व्होल्ट पडतात, म्हणून पाचांपैकी उरलेले तीन व्होल्ट कोणीतरी झेलावे लागतात, आणि ते काम रेझिस्टर करतो. तो प्रवाहाला किती विरोध करतो, हे ओहममध्ये मोजतात, आणि व्होल्टला ओहमने भागले की प्रवाह मिळतो. तीन भागिले २२० केले, की प्रवाह सुमारे ०.०१४ अँपिअर, म्हणजे १४ मिलिअँपिअर येतो; साध्या एलईडीला २० पर्यंत चालतो, त्यामुळे तो सुरक्षित राहतो. १५० ओहमचाही चालला असता, पण मग प्रवाह बरोबर २० पर्यंत जाऊन ठेपतो. २२० घेतला की थोडी सवड राहते. संपले. भागाकार येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला हे कळते आणि सत्तरीतल्या आजोबांनाही कळते. हे मला त्या वर्गात नाही, घरी येऊन स्वतः धुंडाळल्यावर कळले, आणि शुल्क मात्र त्या वर्गाने घेतले.

गुरुजी, ज्याला तुम्ही ‘फारच प्राथमिक’ म्हणून हसलात, तो या भागाकारामागचा नियम गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडला, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि त्याआधी कित्येक वर्षे शाळेत शिकवत आले होते. त्या काळच्या जर्मन विद्वानांनी त्यांच्या कामाला नाके मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले मानाचे कोप्ली पदक दिले, तोवर १८४१ साल उजाडले होते. जे विद्वानांच्या पचनी पडायला इतकी वर्षे लागली, ते पहिल्या तासाला बसलेल्या माणसाला आधीच ठाऊक असले पाहिजे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करता? कारण सांगता येत नसेल, तर शिकवायला उभे राहू नका. येत असूनही सांगण्याचा कंटाळा येत असेल, तर जाहिरातीत तसे छापा, म्हणजे लोक पैसे आणि उमेद दोन्ही वाचवतील. त्या दिवशी माझ्या मागे बसलेल्या दोघांनी, मुले हसल्यावर, वर आलेले हात खाली घेतले, हे तुम्ही पाहिलेत आणि फळा पुसलात. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, की या लोकांना हे झेपत नाही, असे तुम्हीच सांगत फिराल. त्यांचे प्रश्न काय होते, ते आधी विचारा.