एस्पोझितो आडनावाचा तो फॉरवर्ड: अर्धं खरं, बाकी थापा

आमच्या भाचीचं लग्न इटलीतल्या नापोलीच्या (म्हणजे नेपल्सच्या) मुलाशी ठरलंय, आडनाव एस्पोझितो. झालं, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाच, "एस्पोझितो म्हणजे सगळे अनौरस पोरांचे वंशज, सगळ्यांचं रक्त एकच, आणि इटलीत टाकून दिलेल्या बाळाला आजही हेच आडनाव लावतात." ताईचा रात्री फोन, म्हणे आता चार लोकांत काय सांगू.

आडनाव टाकलेल्या बाळांवरनं आलं हे खरंय, ते मान्य करावंच लागेल. लॅटिन 'एक्सपोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेलं. नापोलीत आनुन्झियाता चर्चच्या, टाकलेली बाळं सांभाळणाऱ्या संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चक्र होतं, बाहेरून बाळ ठेवून फिरवलं की बाळ आत, ठेवणारा कोण ते आतल्यांना दिसायचं नाही. १८७५ला ते बंद केलं.

पण म्हणून सगळी अनौरस? अहो, कितीतरी पोरं रीतसर लग्न झालेल्यांची होती, घरात खायला नाही, आई बाळंतपणात गेलेली, मग करणार काय. फ्लोरेन्सची इन्नोचेंती ही १४४५ला सुरू झालेली अशीच संस्था, तिच्या म्युझियममध्ये अर्धी तोडलेली मेडलं अजून बघायला मिळतात, अर्धं बाळासोबत आणि अर्धं आईबापाकडे, कधी परत न्यायला आले तर जुळवून बघायला. पोर नकोच असलेला माणूस अर्धं मेडल कशाला जपेल? आणि असलं एखादं अनौरस, तर त्या बाळाचा काय गुन्हा? नापोलीत त्यांना 'मादोन्नाची लेकरं' म्हणायचे. आणि आमच्या ग्रुपवर दर ११ एप्रिलला जोतिबांचा फोटो पडतो, ज्यांनी विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तिथेच ही असली घाण फिरवायची!

रक्त एकच हे तर हास्यास्पद आहे. शंभर घरची पोरं, आडनाव तेवढं एक. मिलानला अशांना कोलोम्बो, म्हणजे कबूतर, हे आडनाव लावायचे, कारण तिथल्या हॉस्पिटलचं चिन्ह कबूतर.

'आजही लावतात' ही तर चक्क थाप. म्युरा नापोलीचा राजा होता (१८०८ ते १८१५) तेव्हाच त्याने हे आडनाव द्यायची पद्धत बंद करायला लावली होती. आणि इटलीच्या जन्मनोंदणीच्या २००० सालच्या नियमांत, ३९६ नंबरचा हुकूम, कलम ३४, स्पष्ट लिहिलंय की आईवडील माहीत नसलेल्या बाळाला ते ओळखू येईल असं नाव किंवा आडनाव द्यायचंच नाही. फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनी याच्या विरुद्ध एक तरी कागद ग्रुपवर टाकावा, मी वाट बघतोय.