खेळणी कोणती ते नंतर, धुणार कोण ते आधी

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय आणि तो वाचून माझं डोकं फिरलंय. वर्गातल्या एका मित्राने बेळगावात खानापूर रोडला लहान मुलांचा दवाखाना काढला. बाहेर बसायच्या जागेत मुलांसाठी एक कोपरा करायचाय, काय ठेवू, कुणाच्या घरी काही पडून असेल तर द्या, असं त्याने विचारलं. एवढंच. एकीने लगेच माळ्यावरचे टेडी काढून त्यांचा फोटो टाकला. दुसऱ्याने अक्षरांचा लाकडी तक्ता सुचवला, आणि तक्ता म्हटल्यावर अक्षरं कुठली हे आलंच. कन्नडच ठेव, उगाच दारात कुणी येऊन उभं राहायला नको, असं एकाचं म्हणणं. मराठी का नको, निम्मे पेशंट आपलेच की, असं दुसऱ्याचं. मग फलकावर ६० टक्के कन्नड हा २०२४ चा कायदा निघाला, १९५६ ची राज्यांची फेररचना निघाली, सीमावादावरचा महाजन आयोग निघाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा निघाला. शेवटी एकाने कंटाळून लिहिलं, खेळणी पाहिजेतच कशाला, पोरांच्या हातात मोबाइल असतोय.

ही खेळणी धुणार कोण, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं. उत्तर आलं, "तू तिकडं बसून आमाला शिकवू नकोस." त्याखालचं जास्त लागलं: "बी.कॉम. करून न्यूझीलंडला खेळणी धुवायला गेलीस काय?"

होय, धुते. क्राइस्टचर्चमध्ये एका मेडिकल सेंटरच्या रिसेप्शनवर आहे मी. फोन, अपॉइंटमेंट, एनरोलमेंटचे फॉर्म यांच्या रांगेतच खेळण्यांचं काम आमच्या ड्यूटीत लिहिलेलं आहे. जिची पाळी असेल ती संध्याकाळी खेळणी उचलते, धुते आणि भिंतीवरच्या कागदावर सही करते. कधी आमचे मोठे डॉक्टर स्वतः बाह्या सरसावून सिंकपाशी उभे असतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. बेळगावात ज्याला हलकं काम म्हणतात त्यावर इथे एका माणसाचं नाव आणि वेळ लिहिलेली असते. मला हे इथलं मनापासून आवडतं आणि ते सांगताना मी संकोच करणार नाही.

आता धुणं म्हणजे काय ते सांगते, कारण ग्रुपवर "सॅनिटायझर मारला की झालं" असंही कुणीतरी लिहिलंय. झालं नाही. आमच्या काउंटरखाली दोन डबे असतात, एक धुतलेल्यांचा, एक धुवायच्यांचा. मुलाने तोंडात घातलेलं खेळणं ते मूल उठल्याबरोबर दुसऱ्या डब्यात जातं, संध्याकाळची वाट बघत नाही. आधी साबण आणि कोमट पाणी, सांदीकोपऱ्यात ब्रश. लाळेचा, दुधाचा, बिस्किटाचा थर निघाल्याशिवाय वरून कुठलंही औषध लावून उपयोग नाही, ते थरातच संपतं. मग पातळ केलेलं ब्लीच: पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग, पाण्याचे पन्नास. हे पाणी रोज नवीन करायचं, कालचं चालत नाही, त्याचा जोर उतरतो. दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, मग साध्या पाण्यात खळखळून काढायचं, कारण तीच वस्तू उद्या सकाळी कुणाच्या तरी तोंडात जाणार आहे. मग निथळत ठेवायचं. फडक्याने पुसायचं नाही, फडक्यावर काय आहे ते कुणाला माहीत?

सॅनिटायझर का पुरत नाही तेही सांगते. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. रोटाव्हायरस टणक वस्तूवर दिवसचे दिवस टिकतो. तान्ह्या मुलांच्या छातीत कफ भरणारा आरएसव्ही प्लॅस्टिकवर काही तास जिवंत राहतो. सकाळी नऊच्या पोराने चघळलेली गाडी दुपारच्या पोराच्या हाती लागते ती अशी.

पण खेळणी काढली की रोग गेले असं समजणाऱ्यांनी हेही ऐकावं. गोवर मुख्यतः खेळण्यावर बसून नाही, हवेतून येतो, आणि ते मूल खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ आली, दोन हजारांवर लोकांना झाला. अंगावर पुरळ आणि ताप असेल तर आत येऊ नका, गाडीतूनच फोन करा, हे आम्ही तेव्हा प्रत्येकाला सांगत होतो. कुणाला आत बसवायचं आणि कुणाला बाहेर थांबवायचं हे जिथे ठरलेलं नाही, तिथे नुसती खेळणी उचलल्याने पोरांचं फक्त रडणं वाढतं.

टेडींचं काय करायचं याचं उत्तर तर आमच्याच गावात मिळालं होतं. आमच्याच म्हणजे क्राइस्टचर्चमध्ये. बघा, आता मीही असं लिहायला लागले. इथल्या जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, वेटिंग रूममधली खेळणी तपासून त्याचा निष्कर्ष २००२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये छापला गेला. टणक खेळण्यांपैकी १३.५ टक्क्यांवरच आतड्यातल्या प्रकारचे जंतू सापडले. कापडी, फरच्या खेळण्यांपैकी ९० टक्क्यांवर मध्यम ते भरपूर जिवाणू होते, आणि धुतल्यावर ती लगेच पुन्हा पूर्वीसारखी होत होती. म्हणून मऊ खेळणी दवाखान्यात नकोत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि हे क्राइस्टचर्चच्या कोरड्या हवेतलं. जुलैत बेळगावला शर्ट वाळत नाही, तिथे कापूस भरलेलं अस्वल आतून कधी वाळणार? फोटो टाकणाऱ्या मैत्रिणीचा जीव मोठा आहे, मला माहीत आहे. तिने ते टेडी अशा घरी द्यावेत जिथे एकच मूल त्यांना मिठी मारेल.

तेव्हा खेळणं निवडताना आधी त्याला पाण्यात घालून बघायचं. पिळल्यावर चीं करणारं रबरी बदक नको, त्याच्या पोटात पाणी राहतं आणि काळी बुरशी धरते. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असं काहीही नको, ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतं. बटण सेलवाली गाणारी खेळणी तर नकोतच. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. जिगसॉ नको, तुकडे हरवतात आणि मग मूल अर्ध्या हत्तीकडे बघत बसतं. जाड तारांवरून मणी सरकवायचं ते टेबल उत्तम: एकही तुकडा सुटा नाही, कुणी उचलून नेत नाही, दोन पोरं समोरासमोर बसून खेळतात. त्याखेरीज मोठे पोकळ नसलेले ठोकळे, प्लॅस्टिकची गाय-म्हैस, जाड पानांची पुसता येणारी पुस्तकं. नवीन घेताना आयएसआयचा शिक्का बघावा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात तो खेळण्यांना सक्तीचा आहे. आणि रोज जेवढी धुवून होतील तेवढीच ठेवावी. आमच्याकडे दहा-बाराच असतात, पण दोन संच, एक वाळत असतो तेव्हा दुसरा बाहेर. बेळगावच्या पावसात हे इथल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

एकाने गोकाकची लाकडी फळं सुचवली आणि मी एकदम हळवी झाले. गोकाकचे आंबे, केळी, सीताफळं! माझ्या बैठकीच्या खोलीत ती आहेत, विमानतळावर एमपीआयला, म्हणजे लाकूड-बियाणं तपासणाऱ्या सरकारी खात्याला, डिक्लेअर करून आणलेली. तरीही दवाखान्यात ती नकोत. हलकं लाकूड पाणी पितं, फुगतं, रंगाला तडे जातात आणि तड्यात घाण बसते. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेचा थर असतो आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. महिनाभर सॅनिटायझरने पुसाल तर रंग हाताला लागेल. सावंतवाडीच्या खेळण्यांचंही तेच, रंगवलेलं लाकूड शेवटी पाण्याचं नाही. काचेच्या कपाटात ठेवा, उंचावर, मुलांना ओळखता येतील अशी. आमच्या मुलखात काय बनतं हे पोरांना दिसायलाच हवं.

माझ्या मुलीला मात्र ती ओळखता येत नाहीत. तिचं खेळणं बझी बी. टॉय लायब्ररीतून आणलेली ती लाकडी मधमाशी दोरीने ओढत ती चालायला शिकली. गोकाकचं सीताफळ तिने कधी हातातही घेतलं नाही. ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते.

म्हणून अक्षरांच्या भांडणाबद्दल मला जे वाटतं ते मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहिते. त्या दवाखान्यात अ आ इ ई असावी असं त्या ग्रुपात माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल. आमच्या सेंटरच्या दारात स्वागताचा फलक आहे. वर मोठ्या अक्षरात किया ओरा, हा माओरी नमस्कार, खाली जगभरच्या भाषा, त्यात देवनागरीत नमस्ते. रोज कामावर येताना माझी नजर तिथे जाते. तो नमस्कार हिंदीवाल्यांसाठी लिहिलाय हे मला कळतं, तरी ती अक्षरं माझी वाटतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या पोराला मराठी गल्लीतच ऐकू येते, दुकानात ऐकू येते, आजीकडून ऐकू येते. त्याच्यासाठी तक्ता ही आणखी एक वस्तू. माझ्या पोरीला तो तक्ता कुठल्याच वेटिंग रूममध्ये मिळणार नाही, आणि तिला इथे वाढवायचं हे मीच ठरवलंय. "तिकडं बसून शिकवू नकोस" हे इतकं लागलं ते त्यामुळेच असेल. शिकवण्याचा हक्क गेला हे मी सहन करीन. पण वाद घालायचाही हक्क गेला, तर त्या गावात माझं उरलं काय?

इथे माओरी १९८७ मध्ये राजभाषा झाली आणि आज आमच्या फॉर्मवर, पाट्यांवर, फोन उचलताना ती असते. बेळगावकरांना मी हे नेहमी सांगते आणि सांगतच राहीन. माझ्या मित्राच्या बाकावर खानापूरची आई बसेल, आंबोली घाटाकडून चंदगडची येईल, बैलहोंगलची येईल जिला मराठी येत नाही. रिसेप्शनची मुलगी एकीला "बसा" म्हणेल, दुसरीला "कूडरी". दोन्ही लिपींचे तक्ते ठेव. दोन्हींची सुरुवात अ आ इ ई अशीच आहे, पोरं आपोआप जोड्या लावतील. फक्त लॅमिनेट करून भिंतीला पक्के बसव, लाकडी सुटी अक्षरं नकोत. ळ गिळला तर कन्नड ळ आणि मराठी ळ दोन्ही सारखेच अडकतात.

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे खेळणी, मासिकं सगळं उचललं गेलं आणि साथ ओसरल्यावरही आमच्याकडे ती परत ठेवायला कुणी तयार नव्हतं. रिकामा कोपरा पुसायला सोपा असतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना जीपीकडे पैसे पडत नाहीत, त्यामुळे गर्दी कायम. तापाने फणफणलेलं एक मूल मांडीवर आणि दुसरं खुर्च्यांखाली सरपटतंय अशी आई अर्धा तास काय करणार? मी मीटिंगमध्ये हट्ट धरला, धुण्याची पाळी स्वतःकडे घेते म्हटलं, तेव्हा मण्यांचं टेबल परत आलं. ज्याला ग्रुपवर हसले, त्याच कामाच्या जोरावर.

बेळगावात हे काम मावशींवर पडणार हे उघड आहे. त्या सकाळ-संध्याकाळ येतात, फरशी पुसतात, बाथरूम धुतात, आणि जाता जाता खेळण्यांवरून तेच फडकं फिरवतील. त्यांचा यात दोष नाही. त्यांना कुणी वेगळा टब दिला नाही, वेगळा वेळ दिला नाही, पाच पैसे जास्त दिले नाहीत. राकसकोप धरणाचं पाणी टाकीत किती आहे ते बघून त्यांना काम उरकावं लागतं. अक्षरांवर रात्री बारापर्यंत भांडणाऱ्या आमच्या वर्गाला ती बाई दिसतच नाही.

मी मित्राला वेगळा मेसेज केला. खेळण्यांसाठी पैसे पाठवणार नाही, ती गावात कुणीही देईल. मावशींच्या रोजच्या अर्ध्या तासाचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन, अट एवढीच की तो अर्धा तास खेळण्यांचाच. त्याने मावशींना विचारलं. त्यांनी उलट विचारलं म्हणे, त्या औषधाने हात सोलवटतात, हातमोजे मिळणार का? त्याला लिहिलंय, मण्यांचं टेबल पुढच्या महिन्यात आण, हातमोजे आजच.