सोफियाच्या जागी बसून

घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत, बाल्टिमोरजवळ, अकरा वर्षांपूर्वी. ओळखीच्या मराठी कुटुंबांनी मायेने सल्ले दिले. शाळांचं रेटिंग बघा, बेसमेंटला ओल नाही ना बघा, आणि अमुक रस्ता ओलांडून पलीकडे बघूच नका, 'तो एरिया चांगला नाही.' का चांगला नाही, हे मी विचारलं नाही. पलीकडे काळी माणसं राहतात एवढं मला कळलं होतं आणि तेवढं मला पुरलं. आज त्याची लाज वाटते.

त्या 'का'चं उत्तर पुढे लायब्ररीतल्या पुस्तकांत सापडलं. १९१० साली एका काळ्या वकिलाने मॅककुलो स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की बाल्टिमोरने कायदाच केला: ज्या गल्लीत गोरे जास्त तिथे काळ्यांनी राहायला यायचं नाही, आणि उलटही. १९१७मध्ये सुप्रीम कोर्टाने असे कायदे मोडीत काढले. मग खरेदीखतातल्या अटींवर भर आला, की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल झालं. घर विकताना रंग बघणं देशभर बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. म्हणजे तो एरिया आपोआप 'तसा' झालेला नव्हता. माणसांनी बसून, सह्या-शिक्के करून तो तसा केला होता. आणि मी त्या नकाशावर विश्वास ठेवून घर घेतलं.

त्यानंतर फ्रेडरिक डग्लस वाचला. १८४५ साली आलेलं त्याचं आत्मकथन. गुलामीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी याच बाल्टिमोरमध्ये एका घरी कामाला आला. घरची मालकीण सोफिया. तिने याआधी गुलाम ठेवलेला नव्हता. तिने त्याला प्रेमाने मुळाक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला कळलं तसा तो चिडला. हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं त्याने बजावलं. सोफिया थांबली. नुसती थांबली नाही, पुढे पुढे नवऱ्यापेक्षा कडक झाली, पोराच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की हिसकावून घ्यायला लागली. डग्लसने मग गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकून घेतली.

पहिल्यांदा वाचताना मी अर्थातच डग्लसच्या बाजूने होते. रडलेही. दुसऱ्या वाचनात मात्र जाणवलं की या गोष्टीत माझी जागा त्या पोराची नाही. माझी जागा सोफियाची आहे. मनाने वाईट नसलेली, पण घरच्यांनी डोळे वटारले की गप्प बसणारी बाई. मला वाटतं, अशी पुस्तकं वाचण्याची खरी कसोटी हीच आहे. सोसणाऱ्याशी नातं जोडणं सोपं जातं, त्यात आपण चांगले ठरतो. आपण नेमके कुठे उभे आहोत ते शोधायला गेलं की पुस्तक जड होतं.

तिथून मी मराठीकडे वळले, आणि हे आधी व्हायला हवं होतं. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ची. अमेरिकेत गुलामी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षं झालेली. पुण्यात बसून हा माणूस आपलं पुस्तक तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण करतो, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त करतो. शाळेत फुल्यांवर मी निबंध लिहिले, बक्षीसही मिळवलं, पण 'गुलामगिरी' उघडून पाहिली नव्हती. ज्या देशाला ती अर्पण केलीय, तिथे येऊन मी ती पहिल्यांदा वाचली.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईंचा निबंधही तेव्हाच वाचला. मांग समाजातली साधारण चौदा वर्षांची मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्यापाशी ग्रंथ नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट सवाल. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हेही तीच सांगते. डग्लसच्या पुस्तकानंतर अवघ्या दहा वर्षांनी. दोघांनाही अक्षरांपासून लांब ठेवलेलं, आणि दोघंही अक्षर हाती येताच आपल्या माणसांचं दुःख मांडायला बसतात.

ते वाचून झाल्यावर मी आईला कराडला फोन केला. आमच्या परसदारी एक बाई अंगण झाडायला यायची. तिचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. तिचं नाव काय होतं, विचारलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, नावाने कुणी हाकच मारायचं नाही तिला." जातीवरून हाक मारायचे. मीही मारली आहे, सात-आठ वर्षांची असताना.

इथल्या आम्ही सहाजणी आता महिन्यातून एकदा एकत्र वाचतो. पुढच्या रविवारी मुक्ताबाईंचा निबंध मोठ्याने वाचणार आहोत. छोटासाच आहे. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, आणि येताना आपापल्या घरातल्या त्या वेगळ्या कपाची आठवण घेऊन या.