परदेशातून: चित्ररथाची ट्रॉली मे नंतर कुठं जाते?

गेल्या महिन्यात आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस भांडण चाललं होतं आणि मी इकडं लंडनला ट्रेनमध्ये येता-जाता ते वाचत होतो. विषय साधा होता, गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा पडून आहे तिथं पोरांसाठी कलाभवन बांधायचं, चित्रं काढायला, लेझीमच्या सरावाला, एखादी एकांकिका बसवायला. पहिल्या दिवशी सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा, आणि तिथनं जी गाडी घसरली ती घसरलीच. पाट्यांवर ६० टक्के कन्नडच्या २०२४ च्या कायद्याचा विषय निघाला, २०१४ मध्ये येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला ते निघालं, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन आयोग निघाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला महाराष्ट्राचा सीमेचा दावा निघाला. चौथ्या दिवशी पोरांबद्दल एकही मेसेज नव्हता.

मी एवढंच लिहिलं की भिंती बांधायच्याच कशाला, चाकावरचं करूया, आज ह्या गल्लीत, उद्या शाळेच्या मैदानात, परवा शेजारच्या वडगावला. त्यावर एका काकांनी लिहिलं, "लंडनला बसून सांगायला सोपं आहे बाळा, आम्ही ६० वर्षं हक्काची जागा मागायलोय आणि तू म्हणतोस गाड्यावर संसार मांडा?"

काकांचं म्हणणं मला लागलं, कारण ते खोटं नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला जागा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, १ नोव्हेंबरला एका रस्त्यावरनं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन हे आम्ही दप्तर पाठीवर असल्यापासनं बघितलंय. म्हणून चार ओळीत उत्तर न देता जरा सविस्तर लिहितो.

मी राहतो त्या पूर्व लंडनच्या वसाहतीत काही वर्षांपूर्वी असाच प्रयत्न झाला, फिरतं कलाघर. पहिल्यांदा एका डिझाइन ऑफिसला काम दिलं, त्यांनी सुंदर लाकडी खोका बनवला, फोटो छान आले, आणि मग कळलं की तो हलवायला क्रेनवाला ट्रक लागतो आणि प्रत्येक वेळी परवानगी. खोका गोदामात गेला तो तिथंच राहिला. दुसऱ्या वेळी मात्र रहिवाशांनीच करायचं ठरवलं. खडूनं अंगणात खऱ्या मापाची आखणी केली, हा गाडा, ही उघडणारी फळी, इथं बाक, आणि लोकांना म्हणाले आत या, बसा, हात पुढं करून बघा. बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या एक आजी आल्या, त्यांना रंगाचं काही पडलेलं नव्हतं, त्या बसल्या आणि म्हणाल्या इथनं मला माझा नातू दिसत नाही. बाक फिरवला. व्हीलचेअरवरचा एक मुलगा टेबलाखाली गुडघे जात नाहीत म्हणाला, टेबल उचललं. शेवटी जे झालं ते दोन चाकांचं होतं, एक बाजू खाली पडली की टेबल, दुसरी वर गेली की सावली, मागच्या बाजूला चित्रं टांगायला जाळी. दोन माणसं ढकलू शकतात. चावी तीन घरांत असते. आजही ते चालू आहे, शनिवारी मी त्याचं एक चाक धरतो.

ह्या शहरात असल्या कामाचा इतिहासही आहे. असेंबल नावाच्या तरुण आर्किटेक्ट-डिझायनरांच्या गटानं २०१० मध्ये क्लर्कनवेल रोडवरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर सिनेमाघर उभं केलं होतं, भिंतीच्या जागी छताखाली घालतात त्या कापडाचे पडदे, खुर्च्या परांचीच्या फळ्यांच्या. पुढच्या वर्षी पूर्व लंडनमधल्या हॅकनी विकला हायवेच्या पुलाखाली लोकांच्या हातानं एक घर बांधलं, उन्हाळाभर चाललं आणि उतरवलं. लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागात रहिवाशांबरोबर केलेल्या कामासाठी त्यांना २०१५ चं टर्नर हे ब्रिटनमधलं कलेचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि तिथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ग्रॅन्बीच्या बायाबापड्या त्या आर्किटेक्ट पोरांच्या कितीतरी आधीपासून ओसाड घरांसमोर कुंड्या मांडत होत्या, रस्त्यावर बाजार भरवत होत्या. डिझाइनवाले मागनं आले.

हे वाचताना मला आपलं वैशाख आठवतं.

बेळगावची शिवजयंती मिरवणूक ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चित्ररथ करतात, सजीव देखावा, रात्रभर रांग चालते ती पहाटेपर्यंत. उसाची ट्रॉली कुणाच्या तरी मामाची. लोखंडी अँगलचा सांगाडा उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरंच सुट्टीत वेल्डिंग करून देतात. मागचा पडदा म्हणजे कुणाच्या तरी आईची जुनी साडी रंगवलेली. जिजाऊ गल्लीतलीच, मावळे गल्लीतलेच. आणि वर एक पोरगा बसलेला असतो, हातात बांबू, बांबूच्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेली, कोपऱ्यावर विजेच्या वायरी आल्या की तो त्या हळूच उचलून धरतो आणि खालनं अख्खा रायगड पास होतो. मी दोन वर्षं तो पोरगा होतो. कुठल्या कोपऱ्यावर किती उंची, कुठं चाक अडकतं, कुणाचा कट्टा पुढं आलाय हे मला आजही पाठ आहे. इकडं लंडनला अभ्यास करून, सर्व्हे करून जे काढतात ते आपल्या पोरांच्या अंगात आहे की!

दिवाळीच्या किल्ल्यांचं तेच. माती शेतातनं आणायची, बुरूज कुठं, पाणी कुठनं सोडायचं ह्यावर पंधरा दिवस वाद घालायचा, लोक लांबनं बघायला येतात, आणि तुळशीचं लग्न झालं की माती परत. सांगाडाही मिरवणुकीनंतर कापून भंगारात जातो नाहीतर कुणाच्या तरी पत्र्यामागं गंजतो. म्हणजे फिरती कला, लोकांनी केलेलं डिझाइन, सगळं आपल्याकडं आहे, पण ते सणापुरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, तो सांगाडा मोडू नका. पुढच्या वैशाखाला चित्ररथ होईल आणि मधले अकरा महिने पोरांचं कलाघर होईल असा एकदाच नीट करा.

आणि करताना विचारा. मंडळाच्या मीटिंगला येतात तेवढ्यांनाच नको. आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर मंडळाच्या कट्ट्यावर एक मुलगी दिसत नाही, तिला विचारा गाडा कुठं उभा केला तर तू येशील. मराठी शाळेच्या बाईंना विचारा, पट कमी होत चाललाय, शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मैदान मोकळं असतं. मागच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरं आहेत, उर्दू बोलणारी आहेत, त्यांची पोरं आमच्याच किल्ल्याला माती वाहून देतात, त्यांनाही खडू द्या हातात. ह्यानं कुणाची मराठी कमी होत नाही. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी जे नाटक उभं केलं ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. आणि आमचं शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचं होतं आणि बेळगाव ब्रिटिशांचं, एका शहरातनं हद्द जायची आणि लोक भाजी आणायला ती रोज ओलांडायचे.

आता काकांच्या मुद्द्याकडं येतो, कारण इकडचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. हॅकनी विकला कलाकारांनी स्वस्त गोडाऊनं जिवंत केली, २०१२ चं ऑलिंपिक शेजारीच झालं, भाडी वाढली आणि त्यातले कितीतरी कलाकार बाहेर पडले. इथं बिल्डर स्वतःच तात्पुरत्या कलेला जागा देतात, भाग गाजला की टॉवर. त्यामुळं "फिरतं आहे ना तुमच्याकडं, मग इमारत कशाला" असं उद्या कुणी पुढारी म्हणेल ही काकांची भीती अगदी बरोबर आहे. जागेची मागणी सोडू नका, अर्ज चालू ठेवा, त्यावर माझीही सही घ्या. बेळगावात टिळकवाडीला चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या नावानं कलादालन आहे, रवी परांजपेंसारखे चित्रकार त्या गुरूच्या हाताखाली घडले, तशी पक्की जागा शहापूर-वडगावलाही पाहिजेच. पण सीमेचा दावा २००४ चा आहे. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आज स्वतःच्या पोराला शाळेत घालायलंय. कोर्ट तारीख देईल तेव्हा देईल, कट्ट्यावर न दिसणाऱ्या त्या पोरीला आज रंग पाहिजेत, आणि गाडा उभा करायला कुणाचा निकाल लागत नाही.

बोर्डाचं म्हणाल तर गाड्यावर बोर्ड नको असं मी म्हणत नाही, मला माझं नाव मराठीतच वाचायचंय. तिथं काळ्या रंगाची फळी ठेवा, ज्या दिवशी ज्या गल्लीत गाडा असेल तिथल्या पोरांनी खडूनं नाव लिहावं, त्यांना येतं त्या लिपीत.

हे सगळं मी ग्रुपवर व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. दोन दिवस शांतता. मग भाच्यानं टेप घेऊन गल्ली मोजली आणि फोटो पाठवला, ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यावर जेमतेम नऊ फूट, म्हणजे नेहमीची ट्रॉली वळेल पण दोन्ही फळ्या उघडून उभी राहणार नाही, एकच बाजू उघडायची करावी लागेल. आमच्या अक्कानं विचारलं, जूनला पाऊस लागला की हे ठेवणार कुठं, आणि बेळगावचा पाऊस बघितलेल्या माणसाला ह्या प्रश्नाचं वजन कळतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या अण्णांचा मेसेज आला, मोडक्या मराठीत टाईप केलेला, "आमचे वडगाव मागाचा शेड, दोन माग विकले, जागा रिकामा आहे. उंची बघून जावा."

काकांनी त्यावर अंगठा टाकलाय. रविवारी भाचा उंची मोजायला जाणार आहे.