सही कुणाची?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठ दिवस रणधुमाळी चालू आहे. इचलकरंजीच्या भाच्याला तिसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडून थेट सॉफ्टवेअरच्या कामाला लागायचंय. वडील म्हणतात, आधी डिग्री, मग काय ती थेरं. पोरगं म्हणतं, "डिग्री म्हणजे नुसता कागद. मावशी, तुमच्याकडे जर्मनीत कोण विचारतं, सांग ना यांना."

विचारतात रे बाबा. सगळे विचारतात.

मी श्टुटगार्टमध्ये राहते. इथे मंत्र्यालासुद्धा कागद नडतो. प्रबंधातली उचलेगिरी उघडी पडली म्हणून २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग गेले, २०१३ मध्ये चक्क शिक्षणमंत्री शावानबाई गेल्या. आणि फरशी बसवणाऱ्याचं ऐका. स्वतःचं दुकान टाकायला लागणारी 'माइस्टर', म्हणजे उस्ताद असल्याच्या परवान्याची अट २००४ मध्ये ५३ व्यवसायांतून काढली होती. २०२० मध्ये त्यातल्या १२ व्यवसायांना ती परत लावली, त्यात फरशीवालेही आले. विजेच्या कामाची अट तर कधी निघालीच नव्हती.

तेव्हा 'परदेशात फक्त स्किल बघतात' हे आपल्याकडचं पालुपद निदान जर्मनीला लागू नाही. आयटीवाल्यांना तेवढी फट ठेवली आहे: नोव्हेंबर २०२३ पासून, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेला पगार असेल तर डिग्रीशिवायही ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळतं. पण भाच्या, अनुभव आधी लागतो. तो द्यायला तिकडे कोण बसलंय ते बघ.

मात्र इथला कागद मिळतो कसा, ते बघून मी गप्प झाले. आमच्या शेजारचा मुलगा सुतारकाम शिकत होता. तीन वर्षं कारखान्यात काम, जोडीला शाळा आणि पहिल्या दिवसापासून थोडा का होईना पगार. शेवटी स्वतः आराखडा काढून एक वस्तू बनवायची. त्याने अक्रोडाच्या लाकडाचं लिहायचं टेबल केलं. तपासायला व्यवसाय मंडळाची समिती: मालकांचा माणूस, कामगारांचा माणूस, शाळेतला शिक्षक. एकाने खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला आणि खालून हात फिरवला. खालून! जिथे कुणी बघत नाही तिथे.

मला माझं सबमिशन आठवलं. ड्रॉइंगच्या शीटा आम्ही काचेखाली बल्ब लावून 'जीटी' मारायचो. म्हणजे दुसऱ्याची शीट खाली, आपली वर, आणि गिरवायचं. माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एका मैत्रिणीची खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. सरांनी सही केली. त्या सह्यांच्या जोरावर मी इंजिनिअर झाले. नोकरीत लागणारं बहुतेक सगळं नंतर, ओरडा खात शिकले.

म्हणून भाच्याचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. त्याचा कागद पोकळ आहे, कारण सही करणाऱ्याने काही बघितलेलंच नाही. तेवढ्यावरून कागदच नको म्हणणं बापाच्या पैशावर परवडतं. ओळखीपाळखी नसलेल्या पोराला दारात उभं राहायला तोच एक आधार असतो.

जर्मनांचंही सगळं गोड नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या पोराचं काय कळतं हो? नंतर वाट बदलता येते, पण दमछाक होते.

माझा मामेभाऊ तिकडे इचलकरंजीतच लूमच्या मोटरी रिवाइंड करतो. आठवी पास. जळक्या कॉईलचे वेढे मोजून, तारेचा गेज बघून मोटर पुन्हा उभी करतो. इथे त्याला स्वतःच्या नावाने दुकान टाकता येणार नाही. इथल्या परीक्षेचं सगळं मी त्याला फोनवर सांगितलं, खालून हात फिरवणाऱ्या परीक्षकासकट. तो हसला. म्हणाला, "मग पाठव की त्या साहेबाला इकडं. मी मोटर खोलून ठेवतो."